धुराचं कलम



१९७९ साली मी कॉलेजसाठी खेड्यातून इथं जालन्यात आलो, तेव्हा आमचा परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता आणि जालना औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा व्हायला, १ मे १९८१ उजाडायला, अजून दोन वर्षं होती. वळकटी, पत्र्याची पेटी आणि ज्वारीच्या पिठाचं गाठोडं घेऊन मी जुन्या जालन्यात घरमालक गुरुजींच्या वाड्यात रूम करून राहिलो. कागद नाही, सही नाही. गुरुजींनी उभ्या उभ्या तीन गोष्टी सांगितल्या. आडावरचा दोर ओला टाकून जायचं नाही. रात्री दहाला ढेलजेचं दार लागेल. आणि वाड्यात बिडी-सिगारेट ओढायची नाही.

तिसऱ्या अटीचं मला नवल वाटलं, कारण गुरुजींच्या सदऱ्याला बिडीचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे उलगडा झाला. ढेलजेच्या बाहेर, रस्त्याच्या अंगाला ओटा होता. ओट्यावरच्या भिंतीत एक देवळी होती. तिच्यात बिडीचं बंडल आणि काडेपेटी. ते बंडल उंबरा ओलांडून कधी आत आलं नाही. आषाढाच्या झडीत पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन गुरुजी ओट्यावर बसलेले मी पाहिले आहेत. पुढं गुरुजींच्या घरच्या काकूंनी कारण सांगितलं. माझ्या आधी त्या खोलीत एक बिऱ्हाड होतं, त्यांचं तान्हं बाळ रात्र रात्र खोकायचं. चौक एकच, सहाही बिऱ्हाडांची दारं चौकात उघडणारी. एका रात्री गुरुजी बिडी विझवून उठले आणि बाहेर जाऊन बसले, ते कायमचेच. कुणी डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. धूर ज्याचा त्याच्या दारात थांबत नाही, हे त्यांना चौकात बसून दिसलं होतं.

आज मला याच गोष्टीवर बोलायचं आहे. भाड्याच्या घरात, अपार्टमेंटमध्ये, जिथं भिंत, जिना आणि हवा सामाईक असते तिथं, धुराचं काय करायचं?

मी वकिली करतो. मोठे खटले माझ्याकडं फारसे आले नाहीत, भाडेकरार मात्र गेली पस्तीस वर्षं लिहितो आहे. अकरा महिन्यांचा करार म्हणजे आमच्या टायपिस्टला तोंडपाठ असलेला मजकूर. भिंतीला खिळे ठोकू नयेत. लाइट बिल भाडेकरूने भरावे. मोटार चालू ठेवून पाणी वाया घालवू नये. पोटभाडेकरू ठेवू नये. घर सोडताना रंग लावून द्यावा. मालक जास्त काळजीचे असतील तर गच्चीवर कपडे कुठल्या दोरीवर वाळत घालायचे तेही सांगतात आणि आम्ही तेही लिहितो. या पस्तीस वर्षांत ‘घरात धूम्रपान करू नये’ हे वाक्य घाला म्हणून आपणहून सांगणारे मालक मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ते मागणारा भाडेकरू पहिल्यांदा भेटला तो पाच-सहा वर्षांपूर्वी. खिळ्यासाठी कलम आहे आणि छातीसाठी नाही, हे माझ्याही तोवर ध्यानात आलं नव्हतं. त्या भाडेकरूची गोष्ट सांगतो.

अंबड रोडच्या बाजूला एक चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर हे जोडपं भाड्यानं राहायला आलं. सात वर्षांची मुलगी, तिला दमा. गावाकडं शेतातल्या धुळीनं त्रास होतो म्हणून तिला शहरात आणलेली. इथं आल्यावर त्रास वाढला. रात्री अकरा-साडेअकराला पोरगी उठून बसायची, पंप द्यावा लागायचा. घरात कुणी ओढत नाही. खिडक्या बंद. तरी बेडरूममध्ये बिडीचा वास. बाईंचं म्हणणं, खालचे लोक मुद्दाम करतात. खालच्यांचं म्हणणं, आमच्या घरात नातू आहे, आमच्याकडं घरात कुणी ओढत नाही. दोन्ही बाजूंचा आवाज चढला, बोलणं बंद झालं आणि प्रकरण माझ्या टेबलावर आलं.

नोटीस लिहिण्याआधी मी तिथं गेलो. खालच्या घरात एक आजोबा होते, एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला बाजूला घेऊन खरं सांगितलं. रात्री सगळे झोपले की ते बाथरूममध्ये जायचे, एग्झॉस्टचा पंखा लावायचे आणि एक बिडी ओढायचे. नातवाला धूर लागू नये म्हणून. आता आपल्या अपार्टमेंटची रचना बघा. वरपासून खालपर्यंत सगळ्या बाथरूम एका डक्टमध्ये उघडतात. त्याच डक्टमध्ये पाइप, त्याच डक्टमध्ये पंखे. मी देवघरातून उदबत्ती मागितली. आजोबांच्या बाथरूममध्ये ती पेटवून ठेवली, पंखा लावला आणि आम्ही सगळे वर गेलो. काही मिनिटांत तिसऱ्या मजल्याच्या बाथरूममध्ये मोगऱ्याचा वास आला. पोरीच्या पलंगाचं उसं त्याच दाराकडं होतं. आजोबा काही बोलले नाहीत. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि नंतर खाली निघून गेले.

त्या माणसाला मी दोषी कसा म्हणू? आपल्या घरातल्या लेकराला जपायला तो बाथरूममध्ये गेला होता. डक्टच्या दुसऱ्या टोकालाही लेकरूच आहे, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

उदबत्तीनं जे दाखवलं ते शास्त्रानं फार आधी मोजून ठेवलं आहे. १९८१ साली, म्हणजे आपला जिल्हा झाला त्याच वर्षी, ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षांची नोंद त्यांनी तपासली होती. ज्यांचे नवरे भरपूर सिगारेट ओढत, त्या बायकांना फुप्फुसाचा कर्करोग जास्त झालेला दिसला. तंबाखू कंपन्यांनी या अभ्यासावर वर्षानुवर्षं हल्ले केले. पुढं देशोदेशीच्या अभ्यासांनी तेच सांगितलं. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानं दोन गोष्टी स्पष्ट केल्या. दुसऱ्याच्या धुराची अमुक इतकी मात्रा चालेल अशी सुरक्षित पातळी नाही. आणि पंखे, खिडक्या, वेगळी खोली यांनी एकाच इमारतीतल्या बाकीच्या लोकांना पुरतं वाचवता येत नाही. आजोबांच्या बाथरूमचा निकाल त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

असं का होतं? बिडी ओढणारा जो धूर आत घेतो त्याखेरीज पेटत्या टोकातून सरळ हवेत जाणारा धूर वेगळा असतो आणि तो अधिक घातक. त्यातले कण इतके बारीक की केसाच्या जाडीत तीसेक मावतील. दाराखालची फट, पाइपाभोवतीचं भोक, स्विचबोर्डाची पेटी, त्यांना काहीही पुरतं. हवा गरम झाली की वर चढते. इमारतीत तिला वर न्यायला जिना आणि डक्ट आहेत. आणि धूर विरला तरी निकोटिन भिंतीवर, पडद्यावर, गादीवर बसून राहतं. आधीचा भाडेकरू सोडून गेला, नवं बिऱ्हाड आलं, रांगतं लेकरू त्या फरशीवर हात टेकून तोच हात तोंडात घालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्वतः न ओढता केवळ दुसऱ्याच्या धुरामुळं जगात दरवर्षी १० लाखांहून अधिक माणसं मरतात.

इथं तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आपल्याकडं ओढणारे आहेतच किती? आपल्याकडं तंबाखू मळून खातात. प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक खाण्याचा तंबाखू वापरणारे निघाले आणि ओढणारे ३.८ टक्के. खाण्याच्या तंबाखूनं मराठवाड्याच्या तोंडाचं जे केलं आहे, त्यावर वेगळं व्याख्यान ठेवावं लागेल. पण ३.८ टक्क्यांचा हिशेब इमारतीत मांडून बघा. सोळा फ्लॅट, घरटी तीन मोठी माणसं, म्हणजे अठ्ठेचाळीस. त्यात ओढणारे दोन. उरलेले सेहेचाळीस आणि सगळी मुलं त्या दोघांची हवा घेतात. याच सर्वेक्षणात देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांनी आपल्या घरात धूर सोसावा लागतो असं सांगितलं. खाणारा मुख्यतः स्वतःचं नुकसान करतो आणि जिन्याचा कोपरा लाल करतो. तो कोपरा दिसतो, म्हणून आपण तिथं देवांच्या फरश्या बसवल्या. धुराला कोपरा नाही.

आणि माझ्या वयाच्या लोकांना एक आठवण करून देतो. आपल्या आया चुलीपुढं फुंकणी घेऊन बसायच्या. डोळे चोळत, खोकत त्यांनी आयुष्य काढलं. घरात गॅस आला तेव्हा आईच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटलं होतं. तो धूर घराबाहेर काढायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या. आता तो डक्टमधून परत येऊ द्यायचा का?

आता कायद्याचं. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २००१ ला सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी घातली. २००३ मध्ये संसदेनं तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला, आपण त्याला कोटपा म्हणतो. २ ऑक्टोबर २००८ पासून नवे नियम लागू झाले. दवाखाना, शाळा, कचेरी, हॉटेल, एसटी, कामाची जागा, या ठिकाणी ओढलं तर २०० रुपयांपर्यंत दंड. राहत्या घराला हा कायदा हात लावत नाही. अपार्टमेंटच्या जिन्याचं, लिफ्टचं नाव त्यात नाही. माझं मत विचाराल तर वॉचमनची केबिन ही त्याची कामाची जागा आहे आणि तिथं तरी नियम लागू धरला पाहिजे. जिन्याबद्दल वाद घालता येईल. भारतीय न्याय संहितेचं कलम २८० हवा दूषित करणाऱ्याला १००० रुपयांपर्यंत दंड सांगतं. पण दमा झालेल्या पोरीच्या आईनं रात्री साडेअकराला कलम २८० घेऊन पोलीस ठाण्यात जायचं का?

म्हणून मी कराराकडं येतो. मराठवाड्याला भाड्याचा कायदा तसा उशिरा एक झाला. मुंबईकडं १९४७ चा कायदा, विदर्भात वेगळा हुकूम, आणि आपल्याकडं हैदराबाद राज्य संपल्यावरही हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा चालत होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सगळीकडं लागू झाला. त्याचं कलम ५५ मी मालकांना नेहमी वाचून दाखवतो. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि महत्त्वाचं पुढं आहे. नोंदवलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जाईल, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे ‘मी तोंडी सांगितलं होतं, घरात ओढू नको म्हणून’ याला वजन नाही. जालन्यात अजून किती मालक बाँडवर नोटरी करून भागवतात, ते या सभागृहातल्या मालकांना ठाऊक आहे.

माझं सांगणं एवढंच आहे की धुराची गोष्ट भांडणाच्या वेळी काढायची नसते, किल्ली देण्याच्या वेळी काढायची असते. त्या वेळी दोघं समोरासमोर बसलेले असतात, चहा आलेला असतो, कुणाचा कुणावर राग नसतो. त्याच वेळी दोन ओळी लिहा. मी हल्ली असं लिहितो:

‘सदर घरात, बाल्कनीत, बाथरूममध्ये, जिन्यात व गच्चीवर मालक, भाडेकरू व त्यांचे पाहुणे यांपैकी कोणीही बिडी, सिगारेट, हुक्का वा तत्सम काही ओढणार नाही. ओढावयाचे झाल्यास फाटकाबाहेर ठरविलेल्या जागी ओढावे. पहिल्या दोन वेळा तोंडी व तिसऱ्या वेळी लेखी समज दिल्याशिवाय या कारणावरून घर सोडण्यास सांगता येणार नाही.’

यात ‘मालक’ हा शब्द मी आग्रहानं घालतो. आपल्याकडं मालक खाली आणि भाडेकरू वर अशी घरं पुष्कळ. खालचा धूर वर जातो. ज्या अटीत मालक बांधलेला नाही ती अट भाडेकरूनं का मानावी? एका गृहस्थांनी हा शब्द काढा म्हणून माझ्याशी अर्धा तास वाद घातला आणि शेवटी करार न करता उठून गेले. माझी फी गेली, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

आणि समज देण्याचं वाक्य का? तेही सांगतो, कारण इथं मला भीती वाटते. आडनाव ऐकून ‘रूम दिली गेली’ म्हणणारे घरमालक या शहरात आहेत. मी असा नकार मिळालेल्या पक्षकारांबरोबर फिरलो आहे; फोनवर खोली रिकामी असते, दारात गेल्यावर भरलेली असते. नको असलेल्या माणसाला घालवायला धुराचं कलम हे नवं निमित्त होता कामा नये. कलम कृतीवर आहे, माणसावर नाही. ओढणाऱ्याला घर द्यायचं, घरात ओढू द्यायचं नाही. अमेरिकेत सरकारी मालकीच्या भाड्याच्या घरांमध्ये २०१८ च्या जुलैअखेरपर्यंत घरात आणि इमारतीपासून २५ फुटांच्या आत धूम्रपानाला बंदी लागू करायची होती, तेव्हा तिथल्या गरीब भाडेकरूंच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हीच भीती बोलून दाखवली, की सवयीपायी म्हातारी माणसं रस्त्यावर येतील. ती भीती खरी आहे. म्हणून समज आधी, आणि समजेबरोबर मदतही. तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. कराराच्या शेवटी हा नंबर छापायला माझा कागद वाढत नाही.

ज्यांचा फ्लॅट स्वतःचा आहे त्यांच्यासाठी रस्ता सोसायटीच्या सभेतून जातो. इतर सभासदांना उपद्रव होईल असं वागू नये, हे आदर्श उपविधीत आहेच. जिना, पार्किंग, गच्ची यांच्याबद्दल सर्वसाधारण सभेत ठराव करता येतो. उपविधीतच घालायचं तर हजर सभासदांचं दोन तृतीयांश मत आणि निबंधकाची नोंदणी लागते. बाल्कनीबद्दल मात्र वाद होतो. माझी बाल्कनी, माझा फ्लॅट, तुम्ही कोण? जपानमध्ये नागोयाच्या जिल्हा न्यायालयापुढं २०१२ मध्ये हेच आलं होतं. खालच्या मजल्यावरचा शेजारी बाल्कनीत ओढायचा, वरच्या बाईंनी परत परत विनवलं, तो थांबला नाही. न्यायालयानं त्याला ५०,००० येन भरपाई द्यायला लावली. स्वतःच्या जागेत ओढण्याचा हक्क न्यायालयानं नाकारला नाही. दुसऱ्याला त्रास होतो हे कळल्यावरही काहीच न करणं चुकीचं ठरवलं.

सभेत एकमत होत नाही, असं मला लोक सांगतात. त्यांना मी २०१२-१३ चा दुष्काळ आठवायला सांगतो. याच इमारतींमध्ये टँकर यायचा. रात्री दोनला कुणी पाइप धरायचा, कुणाच्या टाकीत किती इंच सोडायचं, ज्याच्याकडं पाहुणे आहेत त्याला जास्त की नाही, हे सगळं वहीत लिहिलेलं असायचं. भांडणं झाली, पण वही फाटली नाही. पाण्याची वही ज्यांनी चालवली त्यांना हवेचा एक ठराव जड नाही.

जिथं करारही नाही आणि सभाही नाही अशी घरं मात्र माझ्या मनातून जात नाहीत. एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी आहेत. भंगार वितळवून सळई करणाऱ्या आपल्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली पोरं तिथं राहतात. एका खोलीत सहा-आठ जण, पाळीप्रमाणं झोपणारे. दिवसभर भट्टीचा धूर, रात्री खोलीतला. खोली ठेकेदाराच्या नावावर. तिथं एकोणीस वर्षांच्या पोरानं ‘भैया, बाहर पियो’ म्हणायचं कुणाला? स्थलांतरित कामगारांच्या राहण्याची सोय करण्याची जबाबदारी १९७९ च्या कायद्यानं ठेकेदारावर टाकली होती, आणि माझ्या मते अशा सोयीत झोपायला बिनधुराची जागा येते. निदान ओळीच्या टोकाला एक उघडा मांडव आणि झोपायच्या खोलीत काडी पेटवायची नाही एवढा नियम. कारखानदार मंडळींपैकी काही आज इथं आहेत. त्यांना मी हात जोडून हे सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं काय झालं, ते राहिलं. आजोबांनी दुसऱ्या दिवसापासून बाथरूममध्ये ओढणं बंद केलं. रात्री ते जिना उतरून फाटकाबाहेर जायला लागले. गुडघे दुखायचे, तीन महिन्यांत दिवसाची बिडी चारवरून दोनवर आली. पुरती सुटली नाही. बाईंनी पुढच्या करारात कलम घालून मागितलं, आणि आजोबांच्या मुलानंही स्वतःच्या करारात तेच घातलं. मुलगी आता माझ्याकडं पाहून हसते. तिला मी उदबत्तीवाले काका म्हणून माहीत आहे.

गुरुजींचा वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवला. माळवद गळत होतं, लाकूड वाळवीनं खाल्लं होतं, इलाज नव्हता. त्या जागेवर बारा फ्लॅट होत आहेत आणि त्याचे कागद गुरुजींच्या मुलानं माझ्याकडं दिले आहेत. मसुद्यात मी धुराचं कलम घातलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्यानं एक शब्दही बदलला नाही. नकाशा उलगडून त्यानं मला एक जागा दाखवली. फाटकाच्या बाहेर, कुठल्याच खिडकीखाली येणार नाही अशी, कडुनिंबाजवळ. तिथं दोन माणसं बसतील एवढा ओटा आखला आहे, आणि ओट्यामागच्या भिंतीत एक देवळी.